आलं का?

(छोट्या दवाखान्यातली आतली खोली, दुपारचे साडेतीन. टेलरबाई अरुंद बाकावर पालथ्या झोपल्या आहेत. चेहरा बाकाच्या गोल भोकात, नजर फरशीवर. मानेवर आणि उजव्या खांद्यावर मिळून तीन सुया. चिनी पद्धतीनं सुया टोचणारे वयस्क डॉक्टर शेजारी उभे.)

डॉक्टर: आलं का?

टेलरबाई: आलं.

डॉक्टर: नक्की?

टेलरबाई: हो तर. चांगलं जड झालंय. पार कोपरापर्यंत उतरलं.

डॉक्टर: बाई, ही चौथी सुई मी अजून टोचलेलीच नाही.

टेलरबाई: काय म्हणता?

डॉक्टर: सुई ताटलीत आहे. तुमच्या खांद्यावर नुसती प्लास्टिकची नळी टेकवली होती. नळीत सुई घालायची राहिली आणि सवयीनं तोंडातून 'आलं का' निघून गेलं. सकाळपासून चौदावा माणूस आहे हा. चूक माझीच. पण तुमचं 'आलं' कुठून आलं?

टेलरबाई: आधीच्या सुयांचं असेल. उशिरा पोचलं असेल.

डॉक्टर: पोस्टानं?

टेलरबाई: मला जरा मान वर काढू द्या.

डॉक्टर: नाही काढता येणार, मानेत सुया आहेत. तसंच फरशीकडे बघून बोला. तुम्हालाही सोपं जाईल.

टेलरबाई: काय बोलू?

डॉक्टर: आज तुमची बारावी बैठक. त्यातल्या किती वेळा खरंच आलं होतं?

टेलरबाई: पहिल्या दिवशी आलं होतं थोडं. पायात टोचलं होतंत तेव्हा. शपथेवर.

डॉक्टर: पहिल्या दिवशी मी तुम्हाला नीट समजावलं होतं. सुई नेमक्या जागी पोचली की जड वाटतं, आतून कुणी हळूच दाबतंय असं. आमच्याकडे म्हणतात, ची आली.

टेलरबाई: मी विचारलं, कुणाची?

डॉक्टर: हो. आणि मी म्हणालो, कुणाची नाही, नुसतीच ची, अंगातल्या शक्तीचं चिनी नाव. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की सुई वाकली. म्हणून मग मी फक्त 'आलं का' विचारायला लागलो.

टेलरबाई: आणि मी पिशवीतून आल्याचा तुकडा काढून तुमच्या हातावर ठेवला.

डॉक्टर: काढ्यात घालायला आणा, असं मीच सांगितलं होतं. असो. पहिल्या दिवसानंतर?

टेलरबाई: नाही.

डॉक्टर: एकदाही नाही?

टेलरबाई: टोचल्याचं कळायचं. तेवढं तर मला रोजच कळतं हो, शिवणारी बाई आहे मी. पण तुम्ही म्हणता तसं जड, दाबल्यासारखं, ते नाही.

डॉक्टर: थांबा, तुमची फाइल काढतो. हे बघा. तिसरी बैठक, 'प्रतिसाद उत्तम'. पाचवी, 'रुग्ण आनंदी'. मी सहसा असलं काही लिहीत नाही. दुखणं दहापैकी किती, तर पहिल्यांदा नऊ. मग साडेआठ, आठ, साडेसात, सात. सरळ रेषेत उतरलंय. हे तरी खरं आहे ना?

टेलरबाई: दर वेळी पाव इंच आत घेत होते.

डॉक्टर: म्हणजे?

टेलरबाई: एकदम चार इंच आत घेतलं की शिवण दिसते. थोडंथोडं घेतलं की कुणाच्या लक्षात येत नाही. बारा बैठका म्हणाला होतात, म्हणजे शेवटी साडेतीनवर आणायचं असं घरूनच ठरवून निघायचे.

डॉक्टर: आणि खरा आकडा?

टेलरबाई: आठ. हिवाळ्यात नऊ.

डॉक्टर: नऊ वर्षं?

टेलरबाई: नऊ वर्षं. मानेतून निघतं, खांद्यावरून खाली येतं आणि करंगळीपर्यंत जातं. कात्री धरली की हात माझा राहतच नाही.

डॉक्टर: बाई, मी स्टुलावर बसतो जरा.

टेलरबाई: बसा ना. रागावलात?

डॉक्टर: रागावायलाही ताकद लागते. बाहेर ते गुडघेवाले मास्तर बसलेत ना, त्यांना मी गेल्या आठवड्यात तुमचं उदाहरण दिलं. म्हटलं, एक टेलरबाई येतात, नऊ वर्षांचं दुखणं, निम्म्यावर आलंय. मास्तर तेवढ्यावर दोन जिने चढून आलेत.

टेलरबाई: अरे देवा.

डॉक्टर: आणि काढा? दोन वेळचा?

टेलरबाई: आठ दिवस घेतला. खरंच घेतला. पण तो इतका कडू की त्यानंतर दिवसभर माझ्याशी कुणी गोड बोललं तरी कडूच लागायचं. मग खिडकीतल्या कुंडीत ओतायला लागले.

डॉक्टर: आणि कुंडी?

टेलरबाई: झाड सुधारलं. नवी पानं आली.

डॉक्टर: निदान एकाला तरी गुण आला. जीभ तरी खरी दाखवत होता ना? मी दर वेळी जीभ बघून औषध बदलत होतो.

टेलरबाई: जीभ घासून यायचे.

डॉक्टर: घासून येऊ नका, असं मी बजावून सांगितलं होतं.

टेलरबाई: पाहुणे यायच्या आधी घर आवरतो की नाही आपण? तुमच्यासारख्या माणसासमोर पांढरी जीभ काय काढायची, असं वाटायचं.

डॉक्टर: बाई, तुमच्याकडे गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं तेव्हा तुम्ही काय करता?

टेलरबाई: सगळेच ओढतात. मी त्यांना बोलत ठेवते. घरचं विचारायचं, पोरंबाळं विचारायची. बोलता बोलता श्वास सुटतो, मग टेप फिरवायची.

डॉक्टर: आणि श्वास सुटलाच नाही तर?

टेलरबाई: तर शर्ट तंग होतो आणि माझ्या नावानं खडे फोडतात.

डॉक्टर: तसंच झालंय हे. तुम्ही 'आलं' म्हणालात की मी हात थांबवतो. जागा सापडली असं समजून पुढची सुई घेतो. म्हणजे अकरा वेळा मी चुकीच्या जागी थांबलो. सुयांनी तुम्हाला गुण येत नाही, असंही आता मला म्हणता येत नाही. मी तुम्हाला धड टोचलंच कुठे?

टेलरबाई: धड टोचलं असतंत तर बरं वाटलं असतं?

डॉक्टर: माहीत नाही. काहींना आराम पडतो, काहींना थोडा पडतो, काहींना अजिबात नाही. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. माझा स्वतःचा अंगठा सहा वर्षं दुखतोय.

टेलरबाई: तुमचा? मग टोचून घ्या ना.

डॉक्टर: घेतो. कधी थांबतो, कधी नाही. पण मी त्याला 'थांबला' म्हणत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत ना?

टेलरबाई: चौथी सुई राहिलीय ना तुमची?

डॉक्टर: बाई?

टेलरबाई: महिना झाला, बंद केल्या.

डॉक्टर: कुणी सांगितलं बंद करायला? मी? मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं की त्या चालू ठेवा, कमी करायच्या असतील तर त्यांना विचारून करा.

टेलरबाई: तुम्ही नाही सांगितलं. मुलगी गोळ्या मोजते. पाकीट संपलं की तिला कळतं, किती दुखलं ते. म्हणून घेणंच सोडलं.

डॉक्टर: म्हणजे बरं दिसावं म्हणून तुम्ही गोळीशिवाय दुखणं काढताय. महिनाभर.

टेलरबाई: चार दिवसांचा तर प्रश्न होता. म्हणजे चार म्हणता म्हणता महिना झाला.

डॉक्टर: मला एक सांगा. लोक मला खोटं सांगतात ते मला बरं वाटावं म्हणून, हे मला माहीत आहे. पण एवढा खटाटोप डॉक्टरसाठी कुणी करत नाही. हे कुणासाठी चाललंय?

टेलरबाई: तिच्यासाठीच. बंदराच्या गावी पाणी तपासायची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथं तिला जागा मिळालीय. इथून रात्रभराचा प्रवास आहे. गेल्या वर्षीही मिळाली होती, तेव्हा ती नाही म्हणाली. मला सांगितलंसुद्धा नाही. पत्र मला कापडांच्या गठ्ठ्यात सापडलं, सहा महिन्यांनी.

डॉक्टर: तुमच्या हातामुळे नाही म्हणाली?

टेलरबाई: दुसरं काय? माझी कापडं ती कापते. इस्त्री ती करते. माझे केससुद्धा ती विंचरते, डॉक्टर. एकतीस वर्षांची पोर सकाळी उठून आईची वेणी घालते आणि मग इथल्या छोट्या प्रयोगशाळेत कामावर पळते. आता त्यांनी तिला दुसऱ्यांदा बोलावलंय. तिसऱ्यांदा कुणी बोलावत नसतं.

डॉक्टर: उत्तर कधी द्यायचंय?

टेलरबाई: आज. पाचच्या आत. ती येतेय इथं, चारला. तुम्हाला विचारायला.

डॉक्टर: मला?

टेलरबाई: माझ्यावर विश्वास नाही तिचा. म्हणाली, डॉक्टरांच्या तोंडून ऐकते आणि मग ठरवते. तुम्हाला फार काही बोलायचं नाहीये. नुसतं म्हणा, फरक पडलाय. दोन शब्द.

डॉक्टर: बाई.

टेलरबाई: फाइलमध्ये तसं लिहिलेलंच आहे. तुमच्या हातचं आहे. वाचून दाखवा फक्त.

डॉक्टर: लिहिलं तेव्हा मला ते खरं वाटत होतं. आता वाटत नाही.

टेलरबाई: एक वाक्य हो. तुमचं काय जातंय?

डॉक्टर: माझं काय जातं ते सांगतो. माझे शिक्षक होते, त्यांनी मला वर्षभर दुसऱ्या कुणाला टोचू दिलं नाही. स्वतःचाच पाय, स्वतःचाच हात. रोज विचारायचे, आलं का? एकदा कंटाळून मी 'आलं' म्हणालो. त्यांनी सुया आवरल्या आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, आपल्याकडे यंत्र नाही, सगळा धंदा या एका शब्दावर चालतो.

टेलरबाई: तुमचे शिक्षक एकटेच असतील. त्यांना मुलगी नसेल.

डॉक्टर: असेल तसंही. चौथी सुई टोचतो आता. खरी. हात सैल सोडा.

टेलरबाई: तुम्ही सांगणार नाही तिला?

डॉक्टर: मी काहीच सांगणार नाही. ती तुम्हाला विचारेल. आलं का?

टेलरबाई: नाही.

डॉक्टर: छान. पहिल्यांदाच ऐकलं. थोडी फिरवतो. आता?

टेलरबाई: नाही. दाराशी कोण आहे?

मुलगी: मी आहे. येऊ का आत? बाहेर कुणीच थांबवलं नाही.

डॉक्टर: ये बाळ, बस. ते स्टूल घे.

मुलगी: उभीच ठीक आहे. डॉक्टर, सरळ विचारते. तास आहे माझ्याकडे, तासाहून कमी. आईला फरक पडलाय का? पडला असेल तर किती? मोघम नको.

डॉक्टर: समोर त्या आहेत. त्यांनाच विचार.

मुलगी: तिला विचारून काय उपयोग? ती 'बरं आहे' म्हणेल.

टेलरबाई: बरं आहे ग.

मुलगी: बघा. नऊ वर्षं हेच वाक्य आहे. ताप एकशे दोन होता तेव्हाही बरं होतं. आई, मला आकडा हवाय. दहापैकी.

टेलरबाई: तुला प्रयोगशाळेची फार सवय झालीय.

मुलगी: आकडा.

टेलरबाई: मागच्या आठवड्यात चार होता.

मुलगी: मागच्या आठवड्याचं नाही विचारत. आता. या क्षणी.

टेलरबाई: डॉक्टर, सांगा ना काहीतरी.

डॉक्टर: मी सुई धरून उभा आहे. बोला तुम्ही. घरचं बोला, पोरीचं बोला.

टेलरबाई: तुम्ही माझीच युक्ती माझ्यावर चालवताय.

मुलगी: कसली युक्ती? आई, इकडे बघ. म्हणजे, बघू नकोस. नुसतं सांग.

टेलरबाई: आठ.

मुलगी: काय?

टेलरबाई: आठ आहे. मागच्या आठवड्यातही आठच होता. चार खोटा होता. फरक नाही. कणभरही नाही. यात या डॉक्टरांची काही चूक नाही, त्यांनाही मी खोटंच सांगत आले.

मुलगी: ठीक.

टेलरबाई: ठीक काय? रागव. काहीतरी बोल.

मुलगी: मला माहीत होतं.

टेलरबाई: कधीपासून?

मुलगी: तू बटणं माझ्याकडे द्यायला लागलीस तेव्हापासून. म्हणालीस, डोळे थकतात. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, आई. गोळ्यांचं पाकीट महिनाभर तसंच आहे. आणि खिडकीतल्या झाडाला काढ्याचा वास येतो. मी रोज पाण्यातलं काय काय ओळखते, मला हे कळणार नाही?

टेलरबाई: मग बोलली का नाहीस?

मुलगी: वाट बघत होते. कदाचित एखाद्या दिवशी खरंच कमी होईल. तू इतकं छान सांगत होतीस की मलाही वाटायला लागलं होतं. असू दे. मी त्यांना फोन करून नाही सांगते. दोन मिनिटांचं काम आहे.

टेलरबाई: थांब.

मुलगी: आई, मी दमलेय. यावर भांडायला नको.

टेलरबाई: मीही दमलेय. म्हणूनच ऐक. तू असलीस तरी हात आठ दुखतो. तू गेलीस तरी आठच दुखेल. नऊ वर्षं तू घरात आहेस, एकदा तरी सातावर आलाय का?

मुलगी: असं नसतं ते.

टेलरबाई: असंच असतं. मी तपासलंय. गठ्ठ्यात तुझं ते गेल्या वर्षीचं पत्र सापडल्यापासून मला दोन दुखणी आहेत. एक हाताचं, त्याला कुणाकडे औषध नाही. दुसरं तुला सकाळी माझी वेणी घालताना घड्याळाकडे बघताना पाहिलं की होतं. त्याला औषध आहे. तू जायचंस.

मुलगी: आणि वेणी?

टेलरबाई: केस कापून टाकीन. कात्री घरात आहे.

मुलगी: कात्री धरवते कुठे तुला?

टेलरबाई: दुसऱ्या कुणाकडून कापून घेईन, त्यात काय. पडद्यांची कामं बंद. जाड कापड बंद. कॉलर, काज, बारीकसारीक तेवढंच घेईन. वरच्या मजल्यावरची बाई कधीची शिकायचं म्हणतेय, तिला कटिंगला बसवीन. हे सगळं मी ठरवलेलं आहे, आज सुचलेलं नाही.

मुलगी: मग इतके दिवस खोटं का बोललीस? हेच सांगायचं होतंस.

टेलरबाई: आठ म्हटलं असतं तर तू पुढचं ऐकलं असतंस? तू आठवरच थांबली असतीस. पोरी, मला दुखतंय आणि तू जा, ही दोन्ही वाक्यं एकत्र बोलायला मला जमत नव्हतं. आज जमलं. मान खाली होती म्हणून असेल.

मुलगी: डॉक्टर, तुम्ही काय म्हणता?

डॉक्टर: मी एवढंच म्हणतो की गोळ्या आज रात्रीपासून परत सुरू करायच्या की कशा, ते हाडांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, आजच. आणि पुढच्या बुधवारी यायचं, न घासलेली जीभ घेऊन. सुयांनी जमेल की नाही ते मग बघू. बाकीचं मला विचारू नका. मला बाकीच्यातलं कळत नाही.

मुलगी: आई, फोनवर मला खरा आकडा सांगशील? रोज?

टेलरबाई: रोज.

मुलगी: आठ असला तर आठ?

टेलरबाई: नऊ असला तर नऊ. पण तूही एक कबूल कर. नऊ ऐकलं की गाडीत बसायचं नाही.

मुलगी: ते नाही कबूल करत.

टेलरबाई: बरं, दहाला बस.

मुलगी: मग त्यांना सांगू? जाते म्हणून?

टेलरबाई: जाते म्हणू नये, कितीदा सांगितलंय.

मुलगी: बाहेर जाऊन बोलते. इथं आवाज नीट येत नाही.

टेलरबाई: गेली?

डॉक्टर: गेली. जिन्यात उभी आहे. मास्तर तिला बसायला जागा देतायत.

टेलरबाई: मास्तरांना काय सांगणार आता? माझ्याबद्दल?

डॉक्टर: खरं तेच. म्हणेन, त्या टेलरबाईंचं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. उठून गेले तर गेले.

टेलरबाई: डोळ्यांतून पाणी येतंय आणि मला पुसता येत नाही. फरशीवर पडतंय थेट.

डॉक्टर: पडू दे. ती फरशी त्यासाठीच आहे. रोज संध्याकाळी पुसतो मी.

टेलरबाई: तुम्ही स्वतः?

डॉक्टर: दुसरं कोण? अंगठा दुखतो त्या दिवशी डाव्या हातानं पुसतो.

टेलरबाई: ती इतका वेळ का लावतेय?

डॉक्टर: आली बघा.

टेलरबाई: काय झालं ग? काय सांगितलंस त्यांना?

मुलगी: म्हटलं, येते.

टेलरबाई: कधी?

मुलगी: पंधरा दिवसांनी. आई, तू रडतेयस का?

टेलरबाई: हो. रडतेय. दुखतंय पण, आणि बरंही वाटतंय. आकडा विचारू नकोस.

मुलगी: नाही विचारत. स्टूल ओढून घेते, डॉक्टर. बसते इथं.

डॉक्टर: बस. बाई, तुमच्या चौथ्या सुईचं उत्तर राहिलंय. आलं का?

टेलरबाई: नाही.

डॉक्टर: आता?

टेलरबाई: नाही. पण विचारत राहा.